नित्याचा दिवस आणि बंद दार : 'द लाँग विंटर'मधील कुटुंब, श्रद्धा आणि मौन

साहित्यातील धर्मानुभवाचा विचार करताना समीक्षेचे लक्ष बहुधा असाधारण प्रसंगांकडे जाते. धर्मांतर, संशय, साक्षात्कार, हौतात्म्य ही या विचाराची परिचित केंद्रे होत. मराठीतही ख्रिस्ती अनुभवाची चर्चा बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय'पासून प्रामुख्याने धर्मांतराच्या कथनाभोवती फिरत राहिली आहे. धर्म स्वीकारण्याचा क्षण नाट्यपूर्ण असतो, त्यामुळे तो कथनात सहज बसतो. परंतु स्वीकारलेला किंवा वारशाने आलेला धर्म एखाद्या घरात रोज कसा जगला जातो, भाकरी भाजताना, मुलांना निजवताना, थंडीत सरपण पुरवताना त्याचे काय होते, या प्रश्नाला कथनात जागा मिळणे अवघड असते. नित्याच्या गोष्टीत काही घडत नाही, आणि कथनाला घडणे हवे असते.

लॉरा इंगल्स वाइल्डर (१८६७–१९५७) यांची 'द लाँग विंटर' (१९४०) ही कादंबरी या अडचणीलाच आपला विषय करते. बालसाहित्य म्हणून वर्गीकरण झाल्यामुळे या कृतीकडे वाङ्मयीन सिद्धान्ताच्या अंगाने पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही. वस्तुतः कुटुंबाची दैनंदिनता, श्रद्धा आणि कथनकाळ यांचे नाते तपासण्यासाठी ही संहिता फार मोलाची आहे. ती जे सांगते त्यामुळे, आणि तितकीच ती जे सांगत नाही त्यामुळेही.

१

कादंबरीचा आधार ऐतिहासिक आहे. १८८०च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील तत्कालीन डकोटा प्रदेशात अवेळी हिमवादळ आले आणि त्यानंतर १८८१च्या एप्रिलपर्यंत वादळांची मालिका सुरू राहिली. लोहमार्ग बर्फाखाली गाडले गेले. डी स्मेट हे नुकतेच वसलेले गाव पूर्णपणे आगगाडीवर अवलंबून होते. गाड्या थांबल्या तसा कोळसा संपला, रॉकेल संपले, पीठ आणि साखर संपली. चार्ल्स आणि कॅरोलाइन इंगल्स आपल्या चार मुलींसह या गावात अडकून पडले. थोरली मेरी आदल्या वर्षीच्या आजारात दृष्टी गमावून बसलेली, दुसरी लॉरा तेरा वर्षांची, कॅरी दहा वर्षांची आणि धाकटी ग्रेस अवघी तीन वर्षांची होती.

घटना म्हणून पाहिले तर कादंबरीत सांगण्यासारखे थोडेच आहे. हिवाळा येतो, लांबतो, संपतो. या दोन टोकांच्या मधले महिने रोज त्याच त्या कामांत जातात. वडील मागच्या पडवीत बसून वाळलेले गवत पिळतात आणि त्याच्या घट्ट कांड्या करतात, कारण चुलीत घालण्यासाठी दुसरे काहीच नाही. गवत झटकन जळते, म्हणून पिळण्याला खंड नाही. गहू दळण्यासाठी गिरणी नाही, म्हणून कॉफी दळण्याच्या लहानशा हातयंत्रात तो मूठमूठ घालून दळायचा. सहा माणसांच्या पावासाठी ते यंत्र दिवसभर फिरत राहते. एकाने थकून सोडले की दुसऱ्याने धरायचे. ग्रेसला चुलीजवळ उबेत ठेवायचे. दिवा नाही, म्हणून आईने बटण, चिंधी आणि गाडीच्या आसाचे वंगण यांपासून केलेल्या टिकलीएवढ्या ज्योतीपाशी थोडा वेळ बसायचे आणि लवकर अंथरुणात शिरायचे.

जेरार जनेत यांनी कथनकाळाच्या विश्लेषणात जे अनेकदा घडले ते एकदाच सांगण्याच्या रीतीला स्वतंत्र स्थान दिले आहे. कादंबरीत अशी निवेदने सहसा पार्श्वभूमीचे काम करतात. 'रोज असे चालत असे' असे सांगून निवेदक 'एके दिवशी'कडे वळतो. 'द लाँग विंटर'मध्ये हा क्रम उलटतो. उत्तरार्धात 'एके दिवशी' दुर्मीळ होत जाते आणि 'रोज' हाच आशय होतो. वादळ येते, दोनतीन दिवस घोंघावते, एखादा दिवस उघडतो, पुन्हा येते. वाक्ये आखूड होतात, शब्द तेच तेच येऊ लागतात. पुनरावृत्तीमुळे वाचकालाही दिवसांचा हिशेब ठेवता येईनासा होतो. येथे घाट आणि आशय यांची फारकत करता येत नाही. काळ गोठल्याचा अनुभव निवेदनाच्या लयीतूनच उभा राहतो.

२

या गोठलेल्या काळात श्रद्धेचे रूप कोणते, हा खरा प्रश्न आहे. इंगल्स कुटुंब काँग्रिगेशनल पंथाचे होते. जेवणापूर्वी ईशस्तवन, बायबलचे वाचन, भक्तिगीते या गोष्टी त्यांच्या दिनक्रमात सहजपणे आहेत. तथापि संकटात सापडलेल्या धर्मपरायण कुटुंबाच्या कथेत जे अपेक्षित असते ते येथे नाही. प्रार्थना केली आणि आगगाडी आली, असे कोठेही घडत नाही. देव आपल्याला का छळतो, असा प्रश्नही कोणी विचारत नाही. वडील एकदा वादळावर मूठ उगारतात, परंतु तो राग वाऱ्यावर आहे, आकाशातील पित्यावर नाही. कादंबरी ईश्वरी न्यायाच्या चर्चेत शिरतच नाही.

त्याऐवजी श्रद्धा दिवसाच्या रचनेत मुरलेली दिसते. अंधारात मुली बायबलमधील वचने आठवून म्हणतात, कोणाला जास्त येतात याची चढाओढ लावतात. शाळा बंद पडली तरी धडे चालू राहतात. पाव तोच असला तरी जेवणाआधीचे दोन शब्द चुकत नाहीत. कुरकुर करायची नाही हा आईचा दंडक आहे, आणि तो नुसता शिष्टाचार नाही. एकीने कुरकुर केली तर सगळ्यांचा धीर सुटेल, हे तिला ठाऊक आहे.

हे रूप समजून घेण्यास भारतीय परंपरेतील 'नित्यकर्म' ही संकल्पना काही अंतरापर्यंत उपयोगी पडते. काम्य कर्म फलासाठी केले जाते, नैमित्तिक कर्म विशिष्ट निमित्ताने होते. नित्यकर्म मात्र करायचे असते म्हणून करायचे. त्याच्या आचरणाने विशेष काही मिळत नाही, ते न केल्याने मात्र दोष लागतो. कॅरोलाइन इंगल्सचा दिवस असाच आहे. भांडी घासल्याने, केस विंचरल्याने, वचने म्हटल्याने वादळ थांबणार नाही. ती सोडली तर माणसे मात्र ढासळतील. ही तुलना फार ताणता येणार नाही. मानवी कृतींनी तारण मिळत नाही, ते केवळ कृपेने मिळते, हा प्रॉटेस्टंट धर्मविचाराचा गाभा आहे. पण तुलना जेथे तुटते तेथेच कादंबरीचा ताण हाती येतो. ज्या पंथात कर्माला तारक मूल्य नाही, त्या पंथातील कुटुंबाजवळ या हिवाळ्यात कर्माखेरीज काही उरलेले नाही. कृपा येईल तेव्हा येईल, तोवर गवत पिळले पाहिजे.

नाताळचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. काँग्रिगेशनल पंथाचे पूर्वज असलेल्या प्युरिटन मंडळींना नाताळचा उत्सव मान्य नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात तो साजरा करण्यास कायद्याने बंदी होती. एकोणिसाव्या शतकात नाताळ अमेरिकन मध्यमवर्गाच्या घरात परतला तो प्रामुख्याने कुटुंबाचा आणि मुलांचा सण म्हणून. कादंबरीतील नाताळात चर्च नाही, धर्मगुरू नाही, पूर्वेकडून पाठवलेली भेटीची पेटी बर्फात अडकलेली आहे. जे आहे ते घरातलेच. लॉराने स्वतःसाठी विणलेली लेस मेरीला दिली जाते, वडिलांसाठी विजारीचे पट्टे येतात, आणि आधी हाती पडलेली नियतकालिके सर्वांनी मोह आवरून त्या दिवसासाठी राखून ठेवलेली असतात. वाचायचे राहिलेले वाचन हीच मेजवानी. सण येथे नित्यापासून वेगळा पडत नाही. नित्याच्या संयमातूनच तो काटकसरीने जमवला जातो.

३

ही रचना भक्कम असती तर कादंबरी उपदेशपर कथा झाली असती. तिचे वाङ्मयीन मूल्य रचनेला तडा जातो त्या जागी आहे.

मराठी वाचकाला दळणाचे वर्णन वाचताना जाते आठवणे अपरिहार्य आहे, आणि त्याबरोबर ओवीही. दळणाच्या श्रमाला स्त्रियांचा स्वतःचा स्वर असतो, हे येथे गृहीत आहे. 'द लाँग विंटर'मधील दळणाला गाणे नाही. तेथे केवळ यंत्राची घरघर आहे आणि बाहेर वाऱ्याची. या घरातील संगीत वडिलांच्या फिडलमध्ये साठवलेले आहे. साऱ्या मालिकेत रात्रीचे वादन हे घराच्या सुरक्षिततेचे चिन्ह म्हणून येते. गाणे कोणते, केव्हा आणि किती वेळ, हे वडिलांच्या हातात असते. गवत पिळून पिळून चार्ल्स इंगल्सची बोटे ताठरतात, सुजतात, आणि एके रात्री फिडलमधून सूर निघत नाही, तेव्हा जे थांबते ते केवळ मनोरंजन नसते. घराला घरपण देणारे पित्याचे सामर्थ्यच तेथे मूक होते. ज्या श्रमाने घर उबदार ठेवले त्याच श्रमाने गाणे हिरावले, ही विसंगती निवेदक कोणतेही भाष्य न करता मांडते.

त्यानंतर आई आणि मुली वाद्याच्या साथीशिवाय गातात. त्यांची भक्तिगीते आता साथीवर विसंबलेली नाहीत. या प्रसंगाला विजयाचा स्वर लावलेला नाही. लवकरच लॉराच्या मनावर एक जडत्व पसरू लागते. झोप आणि जाग यांतला फरक पुसट होतो, दळणाची घरघर आणि वादळाचा आवाज डोक्यात एकजीव होतात, कॅरी खंगत जाते. आणि आईचा कुरकुर न करण्याचा दंडक आता वेगळा ऐकू येऊ लागतो. जो धीर देत होता तोच तोंड दाबू लागतो. नित्यकर्म माणसाला सावरते, तसे ते त्याला यंत्रही बनवू शकते. या दोहोंमधील सीमारेषा कादंबरी आखून देत नाही, आणि तेच तिचे प्रामाणिकपण होय.

४

वरवर पाहता ही बंद दाराची कथा आहे. सहा माणसे, एक चूल आणि बाहेर वादळ. कुटुंब स्वतःच्या बळावर, ईश्वरावर भरवसा ठेवून तरते, असे वाचन अमेरिकेत दीर्घकाळ रूढ होते. संहिता बारकाईने वाचली तर मात्र हे दार पदोपदी उघडते. हिवाळा सात महिने चालेल हा इशारा दुकानात आलेला एक वृद्ध इंडियन देतो. त्याच्या ज्ञानामुळे कुटुंब वेळीच गावात राहायला येते. त्याचे बोलणे साचेबंद मोडक्या इंग्रजीत दिले आहे, आणि इशारा देऊन तो कथेतून नाहीसा होतो. ज्यांच्या भूमीवर हे गाव उभे आहे त्यांचा एक प्रतिनिधी, वसाहतवाल्यांना वाचवण्यापुरता. धान्य संपते तेव्हा वडील अल्मांझो वाइल्डरच्या घरी जातात आणि खोट्या भिंतीआड लपवलेला बियाण्याचा गहू न विचारता बादलीत काढून घेतात. पुढे अल्मांझो आणि कॅप गारलंड हे दोन तरुण जीव धोक्यात घालून दूरच्या एका शेतकऱ्याकडून बुशेलला सव्वा डॉलर भावाने गहू आणतात. दुकानदार तोच तीन डॉलरने विकू पाहतो, तेव्हा गावकरी एकत्र जमून त्याला मूळ भावाने विकायला लावतात. स्वावलंबनाची कथा निर्णायक क्षणी परस्परावलंबनाच्या आधारावर उभी राहते. अशा ठिकाणी दृष्टिकोनही लॉराला सोडून अल्मांझोकडे जातो. बंद घराच्या आतून जे दिसू शकत नाही ते दाखवण्यासाठी निवेदनालाच घराबाहेर पडावे लागते.

यापेक्षाही महत्त्वाचे आहे ते संहितेतून वगळलेले. वाइल्डर यांनी १९३०च्या सुमारास लिहिलेले 'पायोनियर गर्ल' हे आत्मकथन २०१४ साली पामेला स्मिथ हिल यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाले. त्यावरून दिसते की त्या हिवाळ्यात इंगल्स यांच्या घरात सहाच माणसे नव्हती. जॉर्ज आणि मॅगी मास्टर्स हे तरुण दांपत्य आपल्या तान्ह्या मुलासह तेथेच राहत होते, आणि त्यांचे वागणे, विशेषतः जॉर्जचा कामचुकारपणा, कुटुंबाला जाचत होता. कादंबरीत हे तिघेही नाहीत. मालिकेतून वगळलेल्या गोष्टींमध्ये १८७६ साली नऊ महिन्यांचा होऊन वारलेला या कुटुंबातील एकुलता मुलगा फ्रेडी हाही आहे.

या वगळण्याचे कारण केवळ कलात्मक एकाग्रता असे सांगता येईल, आणि ते अंशतः खरेही आहे. घराचे वर्तुळ बंद केल्याने ताण वाढतो. कन्या रोझ वाइल्डर लेन यांचा या पुस्तकांच्या घडणीतील वाटा आता सर्वमान्य आहे. १९९३मध्ये विल्यम होल्ट्झ यांनी तर त्यांनाच प्रत्यक्ष लेखिका ठरवले. ते मत अनेकांना मान्य झाले नाही. लेन या शासकीय मदतीच्या धोरणांच्या कट्टर विरोधक होत्या हे मात्र निर्विवाद आहे. मंदीच्या दशकात लिहिल्या गेलेल्या या कथेत स्वावलंबी कुटुंबाची प्रतिमा का उजळत गेली, याचे एक उत्तर तेथे सापडते. परंतु धर्माच्या अंगाने पाहता प्रश्न अधिक तीव्र होतो. पाहुण्याला आसरा देणे हे ख्रिस्ती आचारातील एक मूळ कर्तव्य. या कुटुंबाने ते प्रत्यक्षात निभावले, कुरकुरत का होईना. आणि साहित्यात नेमके तेच पुसले गेले. आदर्श ख्रिस्ती कुटुंबाचे चित्र पूर्ण करण्यासाठी त्याचे सर्वांत ख्रिस्ती कृत्य वगळावे लागले, हे या संहितेतील सर्वांत अर्थपूर्ण मौन आहे.

५

येथे एक मराठी संहिता समोर ठेवणे योग्य ठरेल, आणि हा संबंध केवळ तुलनाकाराच्या सोयीचा नाही. ज्या काँग्रिगेशनल पंथाचे गृहप्रचारक पश्चिमेकडील नव्या वस्त्यांत चर्चे स्थापन करत होते, त्याच पंथाच्या परंपरेतून अहमदनगरची अमेरिकन मराठी मिशन उभी राहिली होती. लक्ष्मीबाई टिळकांचे उत्तरायुष्य तिच्याच परिसरात घडले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, वाइल्डर यांच्यानंतर एका वर्षाने. 'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागशः प्रसिद्ध झाली, म्हणजे वाइल्डर यांची मालिका सुरू झाल्यावर दोन वर्षांनी. दोघीही उतारवयात, अपत्याच्या प्रोत्साहनाने, आठवणींकडे वळल्या. दोघींच्याही लेखनाचे केंद्र घर आहे.

परंतु 'स्मृतिचित्रे'तील घराला दार असून नसल्यासारखे आहे. टिळकांच्या घरात कोण केव्हा राहायला येईल याचा नेम नसे. दुष्काळ आणि प्लेग यांच्या दिवसांत निराधार मुले येतात, पाहुणे येतात, गृहिणीची ओढाताण होते. लक्ष्मीबाई ही ओढाताण लपवत नाहीत. नवऱ्याच्या उदारपणावरचा वैताग, स्वतःची फजिती, सोवळ्याओवळ्याशी स्वतःचाच झालेला झगडा, हे सारे त्या हसत सांगतात. त्यांची श्रद्धा पाहुण्यांसकट सांगितली जाते, किंबहुना पाहुण्यांमुळेच तिला आकार येतो. वाइल्डर यांचे घर वादळापासून वाचवायचे घर आहे, लक्ष्मीबाईंचे घर वादळ आत घेणारे. पहिल्यात नित्यकर्म शिस्त म्हणून येते, दुसऱ्यात ते रोज मोडते आणि रोज नव्याने जुळवावे लागते. यांपैकी एक श्रेष्ठ आणि दुसरे कनिष्ठ असा निवाडा करण्याचे कारण नाही. गोठवणाऱ्या थंडीत दार बंद ठेवणे हा जगण्याचा भाग होता. तरीही वैताग आणणारा पाहुणा संहितेत ठेवता येतो आणि त्याने श्रद्धेचे चित्र डागाळत नाही, हे 'स्मृतिचित्रे' सिद्ध करते.

६

कादंबरीच्या शेवटी मे महिन्यात आगगाडी येते आणि तिच्यातून नाताळची पेटी. ती रेव्हरंड ऑल्डन यांच्याकरवी पूर्वेकडील चर्चच्या मंडळींनी पाठवलेली आहे. तिच्यात कपडे आहेत, आणि थंडीने गोठून टिकलेली टर्की आहे. वसंतात नाताळचे जेवण होते, शेजारी बोलावले जातात, वडिलांची बोटे सैलावलेली असतात आणि फिडल वाजते. या समाप्तीकडे सुखान्त म्हणून पाहणे स्वाभाविक आहे. तिचा दुसरा अर्थ असा की, ज्या कुटुंबाला संहितेने इतक्या कष्टाने स्वयंपूर्ण दाखवले, ते अखेर अनोळखी माणसांनी भरलेल्या पेटीभोवती बसून जेवते. कृपा आली ती उशिरा, मालगाडीने, आणि इतरांच्या हातांनी. तोवर तग धरण्याचे काम नित्याच्या दिवसाने केले.

२०१८ साली अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने बालसाहित्याच्या पुरस्काराला असलेले वाइल्डर यांचे नाव काढले. कारण दिले ते मालिकेतील इंडियन आणि कृष्णवर्णीयांच्या चित्रणाचे. त्या निर्णयाने पुस्तके वाचायचीच नाहीत असे ठरत नाही. ती कशी वाचायची हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. 'द लाँग विंटर'मधील रोजचा दिवस खरा आहे. गवताच्या कांड्या, दळणाची घरघर, अंधारातली वचने यांमधून श्रद्धेचे जे रूप प्रकटते ते धर्मविषयक साहित्यात विरळ आहे. त्या दिवसाभोवती ओढलेले वर्तुळ मात्र रचलेले आहे. दैनंदिनतेचे चित्रण निरागस असते हा समज समीक्षेने सोडला पाहिजे. घरातील नित्याचा दिवस वाचताना चुलीपाशी कोण बसले आहे हे जितके पाहायचे, तितकेच तेथून कोणाला उठवले आहे हेही.